डाव्या पायाची पट्टी

येलदरीला काय झालं, हे ज्याला त्याला सांगून माझं तोंड दुखायला लागलंय. पिठाच्या गिरणीवर एक विचारतो, न्हाव्याकडं दुसरा विचारतो, आणि प्रत्येकजण पुढं सांगताना आपल्या पदरचं घालतो. परवा एकानं मलाच सांगितलं की आबा, तुम्ही तिथं मार खाल्ला म्हणे. मार खाल्ला नाही. खायची वेळ आली होती, ते वेगळं. म्हणून एकदाच लिहून काढतो. मी चौथीपर्यंत शिकलेला, तेही निजामाच्या राज्यात. अक्षराला नावं ठेवायची असतील तर वाचू नका, कुणी पाया पडत नाही.

आधी माझा धंदा सांगतो. मी खेळणाऱ्या पोरांचे हातपाय सांभाळतो. मालीश, शेक, पट्टी, निखळलेला खांदा बसवणं. आमच्या धंद्याला दुकान नसतं. कुणी तालमीत हौदाच्या काठावर बसतो, कुणी जत्रेत कुस्तीच्या फडाला, मी कबड्डीच्या चुन्याच्या रेघेबाहेर. पोरगं जिथं पडतं तिथं आमचं दुकान. मी बौद्ध वस्तीतला. पाय मुरगळला की मोठ्या घरचं पोरगंही माझ्या मांडीवर पाय टाकून रडतं, आणि सूज उतरली की त्याच्या घरी मला पाणी वरून वाढतात. हल्ली कमी झालंय ते. पण ज्यानं वरून वाढलं तो माझ्या ध्यानात राहतो, आणि पुढच्या वेळी मी जरा जोरात ओढतो.

पट्टीला जुन्या लुगड्यासारखं कापड नाही. धुवून धुवून मऊ झालेलं असावं, ताण देतं आणि कातडीला लागत नाही. माझ्या घरी ते हमेशा मिळायचं. गया, माझी बायको, लुगडं विरलं की स्वतःच फाडून गुंडाळ्या करून ठेवायची आणि वर बोलायची, "लोकांच्या बायकांची लुगडी देवाला वाहत्यात, माझी गाववाल्यांच्या पायाला." मागच्या दिवाळीच्या आधी ती गेली. तिचं एक हिरवं लुगडं राहिलं. वर्षभर मी लोकांची जुनी धोतरं मागून पट्ट्या केल्या, त्याला हात लावला नाही. येलदरीला निघताना मात्र ते पिशवीत टाकलं. कामून टाकलं, ते मला विचारू नका.

ताडकळस

येलदरीच्या धरणावर वीज करायचा कारखाना आहे आणि तिथल्या कामगारांची वसाहत आहे. तिथं कबड्डीचे सामने होते. आमच्या गावच्या संघाला बोलावणं आलं. तिथल्या इंजिनेरसाहेबाला कबड्डीचा नाद, आणि चढाई करणारा चांगला पोरगा दिसला की तो त्याला कामावर हेल्पर म्हणून ठेवून घेतो, असं ऐकू आलं होतं. आमच्या संघात रामकिसन होता. चढाईला गेला की मासळीसारखा हातातून निसटायचा. त्याची आई धुरपता, विधवा बाई, दुसऱ्याच्या रानात निंदणी-खुरपणी करून त्याला वाढवलेला. बाजाराच्या दिवशी आम्ही ताडकळसला गाडीची वाट बघत उभे, तर ती डोक्यावरचा भारा बाजूला टाकून आली.

"आबा, एकच लेकरू हाय मला. नोकरी लागली तर लागली. पर जसं न्यायलाव तसं आनून द्या. त्याचे हातपाय हायेत म्हनून आमचं घर हाय."

"धुरपता, हातपाय सांभाळायचाच माझा धंदा हाय."

"ते म्हाईत हाय. म्हनूनच म्या भ्यायले."

आमच्या गावच्या बायका अशा. चांगलं बोलायला लागल्या की मधेच खडा.

परभणीला गाडी बदलली. जालन्याकडं जाणारी गाडी, आम्हाला जिंतूरला उतरायचं. पोरं पहाटेपासून उठलेली, बसली तशी झोपली. मला सांगितलं, आबा तुम्ही जागे राहा. मी जागाच होतो. पण शेजारी एक माणूस बसला होता, त्याची मान धरलेली. डाव्या अंगाला वाकडी, सरळ होईना. आता अशी मान शेजारी असताना मी हात मांडीवर ठेवून कसा बसू? त्याला म्हणालो, पाव्हणं, ढिली सोडा. तो म्हणाला, नको. मी म्हणालो, पैसे घेत नाही. मग सोडली.

मी तेल लावलं, चोळलं, हळूहळू आणायला लागलो. अख्खी गाडी मागं वळून बघायलेली. कंडक्टरनं तिकिटं फाडायची सोडली. मधे गाडी एका स्टँडवर थांबली. मी मान सोडून बाहेर बघणार कसा? त्यालाच विचारलं, "कोनतं गाव?"

तो म्हणाला, "बोरी आसंल."

त्याला काय दिसायचं, त्याची मान माझ्या हातात, तोंड दुसरीकडं. ते जिंतूर होतं.

देवगाव फाटा

मान बसली. तो माणूस रडला, माझे हात धरले, म्हणाला देव भेटला. मी म्हणालो, देव नको म्हणू, जिंतूर आलं की सांग. तेव्हा कंडक्टर डोक्याला हात लावून म्हणाला, "बाबा, जिंतूर तर मघाच गेलं. आता देवगाव फाटा आला."

पोरं उतरली ती माझ्याकडं बघतच उतरली. रामकिसन तेवढा हसायलेला. "आबा, मान त्याची बसली आन् रस्ता आपला मोडला."

फाटा म्हणजे गाव नाही. वाटा फुटतात तिथं दोनचार पत्र्याच्या टपऱ्या, एक हॉटेल, एक पंक्चरवाला. इथं प्रत्येकजण दुसरीकडं जायला उभा असतो. हॉटेलवाल्याला इथंच राहणारं गिऱ्हाईक कधी मिळत नाही, म्हणून तो भजी कालचीच पुन्हा तळतो. चहाही तसाच. आमच्याकडं चहात साखर लय, इथं पाणी लय. मी ते बोलून दाखवलं. तो म्हणाला, "बाबा, तुमी परत थोडेच येनार हाव?" माणूस खरं बोलला, मी आणखी एक कप घेतला.

जिंतूरकडं जाणारी गाडी येता येईना. शेवटी कापसानं भरलेला ट्रक थांबला आणि आम्ही कापसावर चढलो. या रस्त्यानं कुणी गेलं तर कापसावर बसून जावं. एसटीत हाडं मोजून होतात. इथं गादी, वर आभाळ, दोन्हीकडं तुरीची पिवळी फुलं, ज्वारी गुडघ्याएवढी आलेली. गेली दोन वर्षं दुष्काळात हे रान काळं ठिक्कर पाहिलेलं, म्हणून डोळे भरून बघत होतो. गया असती तर म्हणाली असती, खाली वाका, पडाल.

पडला रामकिसन. जिंतूरच्या नाक्यावर ट्रक थांबला. सगळे दोराला धरून उतरले. हा कापसाच्या टोकावर उभा राहिला, मिशीवर हात फिरवला आणि उडी मारली. खाली खडी होती. उजवा गुडघा आत वळला.

जिंतूर

तिथल्या आमच्या समाजाच्या लोकांनी विहाराच्या ओसरीत जागा दिली, पिठलं-भाकरी दिली. मी वीट तापवली, फडक्यात गुंडाळली आणि गुडघा शेकला. तेल लावून दाबून चोळला. माझ्या उस्तादानं मला असंच शिकवलं होतं, सूज म्हणजे थंडी, तिला ऊब द्या. रामकिसन दात खात होता. म्हणाला, "आबा, लय दुखायलंय, राहू द्या." मी म्हणालो, दुखतंय म्हणजे लागू पडायलंय.

सकाळी गुडघा कवठाएवढा झाला होता.

संघाच्या म्होरक्यानं विचारलं, परत फिरायचं का? मी रामकिसनकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली, म्हणाला, "आबा, साहेब रोज थोडाच बघायला बसतो. एक डाव तरी खेळतो."

तेव्हा माझ्या डोक्यात किडा वळवळला. येलदरीच्या संघाचे हातपाय सांभाळतो तो चाँदभाई. मी आणि तो एकाच उस्तादाचे चेले. पूर्णेच्या तालमीत एकत्र वाढलो. लहानपणी तो लय लबाड. माझ्या तेलाच्या बाटलीत पाणी घालायचा आणि बदामाचं तेल स्वतः चोळून घ्यायचा. त्याला दुखरा पाय कळला, तर त्याचे गडी पहिल्याच चढाईला त्याच पायाला चिकटणार. म्हणजे त्याला चुकीचा पाय कळला पाहिजे.

मी पिशवीतून हिरवं लुगडं काढलं. काठ बघितला, थोडा वेळ तसाच बसलो. मग दातानं टोक तोडलं आणि फाडलं. चर्र आवाज झाला तसा मी उगाच दाराकडं बघितलं. एक लांब पट्टी काढली आणि रामकिसनच्या डाव्या गुडघ्याला, म्हणजे चांगल्या गुडघ्याला, झकास बांधली. उजव्यावर धोतर सोडलं.

"आता चालताना डावा पाय ओढायचा," मी म्हणालो.

"आबा, उजवा आपोआप ओढला जायलाय, डावाबी ओढला तर मी जायचा कशावर?"

येलदरी

धरण पहिल्यांदा दिसतं तेव्हा ते धरण आहे हे कळत नाही. आधी एक लांबलचक बांध दिसतो, मग त्याच्या वर चढलं की पाणी. पाणीच पाणी. आमच्या गावात आडाच्या तळाशी वाटीएवढं पाणी बघून दिवस काढलेली माणसं आम्ही. पोरांचा आवाज बंद झाला. गयाला हे बघायचं होतं. दुष्काळात खडी फोडायच्या कामावर जाताना दर दोन दिवसांनी म्हणायची, "येलदरीला म्हने एवढं पानी एका जागी ऱ्हातंय. एकदा दावा की." मी म्हणायचो, पाण्यात काय बघायचं? आता मी एकटा उभा राहून बघत होतो, आणि बघण्यासारखं लय होतं.

वसाहत म्हणजे वेगळीच दुनिया. नळाला पाणी, रस्त्याला दिवे. सामने बघायला साहेबांच्या बायका खुर्च्यांवर बसतात आणि टाळ्या वाजवतात. आमच्याकडं बायका सामना बघतात, पण डोक्यावर घागर घेऊन, जाता जाता बघितल्यासारखं करून.

चाँदभाई मैदानावरच भेटला. खाकी हाफपँट, गळ्यात शिट्टी, हातात पत्र्याची पेटी आणि पेटीवर लाल फुली. कागदावर तो पंपावरचा हेल्पर, पण संध्याकाळी खेळणाऱ्यांच्या पायांपाशी. माझ्या खांद्याला कापडी पिशवी. मी पेटीकडं बघितलंच नाही असं दाखवलं.

"क्या रे सटव्या! अब्बी जिंदा है?" गावाचा आबा झालो तरी त्याला मी सटव्याच.

"तुला पोचवल्याबिगर कसा जाईन?"

गळाभेट झाली. मग त्याची नजर रामकिसनच्या डाव्या गुडघ्यावर गेली. "इसकू क्या हुआ?"

"काही न्हाई," मी म्हणालो, आणि असं म्हणालो की लय काही झालंय असं वाटावं.

जेवायला त्याच्या घरी. त्याची बायको हमीदाभाभी हिनं धरणातल्या मासळीचं कालवण केलं होतं, चिंच आणि लसूण घालून, सोबत ज्वारीची गरम भाकरी. आमच्याकडं मासळी म्हणजे ओढ्यातले बोटाएवढे झिंगे. इथं एका तुकड्यानं ताट भरलं. मी तीनदा घेतलं. चाँदभाई म्हणाला, आता तूच खेळ उद्या, तुला कोण उचलणार.

भाभी म्हणाली, "गयाभाभी को कायकू नै लाए? जाते वखत उनके वास्ते मच्छी बांध के देती मैं."

मी म्हणालो, "बांधू नका भाभी. खानारी गेली."

ती हातातला पळा तसाच धरून उभी राहिली. चाँदभाईनं जेवण थांबवलं. मग त्यानं आपल्या ताटातला मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला. मला वाटलं, सांगून टाकावं, गुडघा उजवा आहे, बघ जरा. तोंडापर्यंत आलं होतं. पण तेल आठवलं, तेलातलं पाणी आठवलं. मी मासळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामना. साहेब पुढं खुर्चीवर, पाय पसरून. उजवा गुडघा झाकला जाईल अशी ढगळ अर्धी चड्डी घालून रामकिसन चढाईला गेला. पहिल्या चढाईत एक गडी बाद केला, दुसऱ्यात दोन. दुखऱ्या पायानं. मी रेघेबाहेर बसून बोटांवर गडी मोजत होतो. साहेब खुर्चीत पुढं सरकला. मला एक गोष्ट मात्र समजेना. त्यांच्यातला पकड करणारा मारोती, धरणावर जाळं टाकणारा भोयाचा गडी, हातपाय वल्ह्यासारखे, तो रामकिसनच्या डाव्या पायाकडं बघतच नव्हता. डावा पाय अगदी त्याच्या हाताशी आला, तरी त्यानं हात मागं घेतला.

चौथ्या चढाईला त्यानं झडप घातली. उजव्या पायावर.

रामकिसन असा ओरडला की खुर्च्यांवरच्या बायका उभ्या राहिल्या. मी अर्धा उठलो. आणि मारोतीनं, हातात आलेली पकड, सोडून दिली. रामकिसन सरपटत रेघेला शिवला. त्यांचा एक आणखी बाद.

मारोती तिथंच उभा राहून पंचाला ओरडला, "मास्तर, ह्यो पाय तव्यागत तापलाय की! दुखरा हाच हाय. पट्टी दुसरीकडंच बांदलीय!"

सगळं मैदान पेटलं. कुणी हसायलं, कुणी शिव्या द्यायलं. त्यांची दोनचार पोरं बाह्या सरसावून माझ्याकडं निघाली. मार खायची वेळ आली म्हणालो, ती ही.

त्या पोरांच्या आधी चाँदभाई पोचला. मला वाटलं, पहिली ह्याचीच बसणार.

"सटव्या," तो म्हणाला, "उस्ताद ने क्या सिकाया था अपने को?"

मी पिशवीचं तोंड बांधायला लागलो.

"पट्टी बांधे सो अंग कू हात नै लगाने का. बोला था ना? मैं रातीच सब पोट्ट्यां कू बोला, उसकी बायीं टांग छोडके पकडो. तेरे छोकरे के वास्ते बोला रे, गध्या!"

हे मला ठाऊक होतं. दोघांच्याही पाठीत घालून घालून उस्तादानं शिकवलं होतं. फक्त मला वाटलं होतं की आता असलं कोण पाळतंय. ज्यानं पाळलं त्याच्या हातानंच मी माझ्या पोराचा दुखरा पाय धरायला लावला होता.

त्यानं पोरांना शिट्टी मारून मागं हटवलं, माझ्या पाठीत एक बुक्की घातली, ती मी धरत नाही, आणि मासळीच्या गोदामाकडं पळाला. गोणपाटात बर्फ घेऊन आला. त्यात खवले होते, वासानं माशा आल्या. मी म्हणालो, "येडा झालास का? सुजेला थंड लावतोस?" तो म्हणाला, पुण्याहून एक शिकलेला ट्रेनर आला होता, त्यानं दाखवलंय, ताज्या लागलेल्याला बर्फ, वीट नको. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. "ईंट लगाया क्या तू?"

मी गोणपाटावरच्या माशा हाकलायला लागलो.

बर्फानं दुपारपर्यंत सूज निम्मी उतरली. मला लय राग आला. इतकी वर्षं मी विटा तापवल्या, आणि मासळीवर टाकायच्या बर्फानं मला खोटं पाडलं. सामना आम्ही हरलो, ते सांगायलाच नको.

संध्याकाळी साहेब आला. रामकिसन गुडघ्यावर गोणपाट ठेवून बसलेला, तोंड उतरलेलं. साहेबानं त्याला काही विचारलं नाही, चाँदभाईला विचारलं, "पोरगा खेळतो चांगला. पाय बरा होईल का? नाही तर घेऊन काय करू?"

सगळं चाँदभाईच्या तोंडावर आलं. त्याच्या संघाला फसवलं होतं, त्याला स्वतःला फसवलं होतं. एक शब्द बोलला असता, न्हाई साहेब, तर धुरपताच्या घराची गोष्ट तिथंच संपत होती. त्यानं माझ्याकडं लय वेळ बघितलं. लहानपणी तेलात पाणी घातल्यावर बघायचा, तसंच.

"होयेंगा साहब," तो म्हणाला. "आराम दिया तो पूरा होयेंगा. मैं जिम्मा लेतूं. फकत एक काम करो. इस बुढ्ढे कू उसके नजीक नक्को आने देव."

साहेब हसला. रामकिसन हसला, मग रडला. पाय बरा होईपर्यंत त्यानं चाँदभाईकडंच राहायचं आणि मग कामावर जायचं, असं ठरलं.

निघायच्या आधी मी चाँदभाईची परवानगी काढून रामकिसनजवळ गेलो. डाव्या पायाची हिरवी पट्टी सोडली, झटकली आणि उजव्या गुडघ्याला बांधली. चाँदभाई डोक्यावर उभा राहून, बोटानं ताण बघत होता. म्हणाला, "अच्छी बांधी." मग म्हणाला, "कपडा बढिया है रे." मी म्हणालो, हौ.

रामकिसनला सांगितलं, संध्याकाळी काठी घेऊन बांधावर जाऊन बसत जा. पाण्याकडं बघ. पट्टी सोडून जाऊ नको.

परत ताडकळस

धुरपता गाडीपाशीच उभी होती. एक एक पोरगं उतरलं, शेवटी मी. तिनं माझ्या मागं बघितलं.

"लेकरू कुठंय?"

"कामाला लागायलंय."

"पाय?"

"बर्फात हाय." मग सगळं सांगितलं, विटेसकट. तिनं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदा कपाळाला हात लावला, एकदा पदर तोंडाला. मी वाट बघत होतो, आता ओरडंल. ती ओरडली नाही.

"हिरवं लुगडं म्हनजे गयाबाईचं ना वो? पट्टी आनलीव का परत?"

"न्हाई. तिला धरन बगायचं व्हतं."

धुरपतानं भारा उचलला, डोक्यावर ठेवला, चार पावलं चालली आणि वळून म्हणाली,

"आबा, ह्या बारीला बरोबर पायाला बांदलीव ना?"